निदान

आईची भाकरी करपली, ही काही पुण्याला फोन करून सांगावी अशी बातमी नव्हती. म्हणून मला ती सहा दिवसांनी कळली, आणि तीही आईकडून नाही. चुलतभावाची धाकटी पोर तेव्हा सहावीत होती. सकाळी ताक न्यायला ती आमच्या घरात आली, तर आई चुलीपुढं बसलेली, तव्यावरच्या भाकरीतून धूर निघतोय आणि आई त्याच्याकडं नुसती बघतीय. उजवा हात काठवटीतल्या पिठावर तसाच पडलेला. "आज्जे, भाकरी जळाली की," पोरगी म्हणाली. आई काहीतरी बोलली, पण पोरीला ते समजलं नाही. तोंडात गुळणी धरून बोलावं तसं. पोरगी पळत जाऊन तिच्या आईला घेऊन आली, तोवर आमच्या आईनं करपलेली भाकरी म्हशीपुढं टाकून दुसरी थापायला घेतली होती.

"काय न्हाई गं, हाताला जरा मुंग्या आल्या हुत्या," एवढंच म्हणाली.

पुढं मिरजेच्या डॉक्टर बाईंनी मला विचारलं, पहिला झटका किती वेळ टिकला होता? मला मिनिटं सांगता आली नाहीत. एक भाकरी करपायला लागतो तेवढा वेळ, असं मी सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

ही २०१७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून आत. या भागात भावकीतला एखादा तरी माणूस सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशाच्या कुठल्यातरी टोकाला असतोच. आमचा दादा कोइमतूरला. मी पुण्यात शाळेवर मराठी शिकवतो. आण्णा गेल्यापासून आई गावी एकटी. एकटी म्हणजे एक म्हैस, दोन शेळ्या आणि भिंतीला भिंत लागून चुलतभावाचं घर. पुण्याला चल म्हटलं की ती म्हशीचं कारण सांगायची. म्हैस विकू म्हटलं की शेळ्यांचं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही दुसऱ्यांदा आग्रह करत नव्हतो.

आमच्याकडं लकव्याला 'वारं जाणं' म्हणतात. आण्णांच्या अंगावरनं वारं गेलं ते २००४ साली, ज्वारीच्या काढणीत. रात्र घरातच काढली, सकाळी उठून बघू म्हणून. पुढं तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. त्या तीन वर्षांत आम्ही काय म्हणून करायचं ठेवलं नाही. सांगलीचा दवाखाना झाला, कुणी सांगितलं म्हणून पारव्याचं रक्त चोळून झालं, झाडपाला झाला, एका देवाला कोंबडं आणि दुसऱ्याला नारळ झाला. माळाचा एक एकर त्यात गेला. पण आण्णांना खरं जपलं ते आईनं. रात्रीतनं तीन-तीन वेळा उठून ती त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिनं. हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं आई जे वागली त्याचं मूळ त्या तीन वर्षांत होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

दुसरा झटका त्याच वर्षी नवरात्रात आला. घटाला माळ घालताना हातातली माळ गळून पडली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागच्या जागी. तिसरा संक्रांतीनंतर. तोवर मला नाव कळलं होतं. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात, बोलण्यात मिनी-स्ट्रोक. मेंदूकडं जाणारं रक्त थोड्या वेळापुरतं अडतं आणि पुन्हा वाहायला लागतं. हात येतो, वाचा येते, मागं खूण राहत नाही. ही खूण न राहणं हाच सगळा घात आहे. इंगळी डसली तर माणूस धावतो, कारण ठणका असतो. इथं दुखतच नाही, आणि जे आपलं आपण गेलं तो आजार नव्हताच, असं आपण धरून चालतो. वास्तविक मोठ्या झटक्याची भीती त्यानंतरच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते. आम्ही ते दोन दिवस दर वेळी "आता बरं वाटतंय" असं म्हणत घालवले.

आणि तिचं प्रेशर. ते आमच्याकडच्या पावसासारखं होतं. आला तर बांध फोडून जाणारा, नाहीतर महिनाभर टिपूस नाही. सकाळी १९०, दुपारी ११२, दिवेलागणीला १६८. मी मोजायचं यंत्र घेऊन दिलं. तीच चुलतभावाची पोर आकडे वहीत लिहायची आणि तिच्या बापाच्या फोनवरून फोटो पाठवायची. वर्गात पोरांना समास शिकवताना माझं लक्ष खिशातल्या फोनकडं. आई म्हणायची, "त्ये मशीन दंडाला चावतंय रं." मला वाटायचं, अडाणी माणूस, घाबरतोय. दिवसातून तीन वेळा तिचा दंड आवळायला लावून मी पुण्यात बसून तिची काळजी घेत होतो.

गावाजवळ एक डॉक्टर होते. माणूस भला. आकडा फार चढला की ते येऊन एक कॅप्सूल फोडून तिच्या जिभेखाली टाकायचे. अर्ध्या तासात २१० चे १३० व्हायचे. आम्ही खूश, डॉक्टरही खूश. नंतर मला कळलं की प्रेशर असं झपकन पाडणं घातक असतं. वर्षानुवर्षं चढ्या प्रेशरची सवय झालेल्या मेंदूला मग रक्तच कमी पडतं, आणि तेवढ्यानंही झटका येऊ शकतो. हे औषध असं देऊ नये, ही गोष्ट डॉक्टरलोकांत काही नवी राहिलेली नव्हती. तर आता त्या डॉक्टरांना बोल लावायचा का? रात्री दोन वाजता मोटारसायकलवर बॅग अडकवून येणारा पंचक्रोशीत तो एकच माणूस होता. मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारण मात्र प्रत्येकाकडं तयार होतं. चुलती म्हणाली, भावकीतली नजर. वहिनी कोइमतूरहून म्हणाली, उपास फार करतात त्या. माझी बायको म्हणाली, खर्डा आणि लोणचं बंद करा, मिठानं प्रेशर वाढतं. यातलं तिचं खरं होतं, पण ती ते ज्या सुरात म्हणाली त्यात सासूच्या स्वयंपाकाचा जुना हिशोबही होता. देवऋषी म्हणाला, आण्णांचं काहीतरी द्यायचं राहिलंय. दादा फोनवर सरळ म्हणाला, "तू तिला एकटी ठेवलीयास." मी म्हणालो, "आणि तू?" त्यावर दोघांनी फोन ठेवून दिला. पुढचे दोन महिने आमचं बोलणं नव्हतं.

मी या सगळ्यांना मनातल्या मनात हसायचो. मी शिकलेला. मी फाईल केली होती. डोक्याचा एमआरआय, मानेच्या शिरांचा डॉपलर, हृदयाची सोनोग्राफी, रक्ताचे कागद, सगळं तारीखवार लावलेलं. पुण्यातल्या दोन-तीन मोठ्या डॉक्टरांना ती फाईल दाखवून झाली. एमआरआयमध्ये बारीक जुने ठिपके होते, शिरांत वयाच्या मानानं विशेष अडथळा नव्हता, हृदय तपासलं तेव्हा ठीक होतं. प्रत्येकानं एखादी गोळी वाढवली किंवा बदलली. मी विचारायचो, "पण हे होतंय कशामुळं?" उत्तर यायचं, वय आहे, प्रेशर आहे. मला ते उत्तर वाटायचंच नाही. वय सगळ्यांनाच असतं. प्रेशर कशामुळं एवढं हेलकावे खातंय, हाच तर माझा प्रश्न होता.

भाषेच्या मास्तरला एक खोड असते, अडचणीत सापडला की तो शब्द चिवडत बसतो. 'निदान' या शब्दानं मला त्या दिवसांत पछाडलं होतं. रोग ओळखणं म्हणजे निदान. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं मूळ कारणच. आणि आपण घरात हाच शब्द भलत्याच ठिकाणी वापरतो. निदान फोन तरी करत जा. निदान सणाला तरी ये. म्हणजे कमीत कमी. पहिल्या दोन निदानांसाठी मी पुण्यातल्या दवाखान्यांचे जिने झिजवत होतो. तिसरं, म्हणजे निदान महिन्यातून एकदा गावी जाणं, ते माझ्याकडून होत नव्हतं. परीक्षा असायची, पेपर तपासणी असायची, नाहीतर पाऊस असायचा.

बुद्धाची बाणाची गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. एका माणसाला विषारी बाण लागतो. लोक वैद्याला आणतात, तर हा म्हणतो, थांबा, बाण मारणारा कोण, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, धनुष्य कशाचं, दोरी कशाची, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तो तसाच मरून जातो. पोरांना गोष्ट आवडते, मलाही आवडायची. पण आईच्या आजारपणात मी तिच्याशी भांडायला लागलो. एकच बाण असता तर बुद्धाचं म्हणणं मान्य. इथं चार-पाच महिन्यांनी नवा बाण येत होता. कुठून येतोय हे विचारायचं नाही तर काय करायचं? प्रश्न विचारण्यात माझी चूक नव्हती, असं मला आजही वाटतं. चूक होती ती बाण शोधायला मी रानोमाळ हिंडत होतो आणि जिला तो लागला होता तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

चौथा झटका माझ्या डोळ्यांदेखत आला. २०१८ चा श्रावण. मी रविवारला जोडून गावी गेलो होतो. आई गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन येत होती. उंबऱ्यात थांबली. चरवी हळूहळू कलंडली आणि दूध पायरीवरून खाली गेलं. ती माझ्याकडं बघत होती, तिला काहीतरी सांगायचं होतं, ओठाचा एक कोपरा हलत होता, एक हलत नव्हता. त्या नजरेत भीती नव्हती, हे मला फार नंतर आठवलं. चोरी पकडली गेल्यावर पोरगं बघतं तशी ती बघत होती.

अर्ध्या तासात हात आला. "बग, आला का न्हाई," ती म्हणाली आणि सांडलेलं दूध पुसायला फडकं शोधायला लागली. मी ऐकलं नाही. चुलतभावाच्या जीपमधून आम्ही तिला मिरजेला नेलं.

मिरजेच्या त्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या पुढच्या. मी फाईल पुढं सरकवली, त्यांनी ती बाजूला ठेवली. आधी आईला पाच मिनिटं नुसतं बसवलं, पाय जमिनीला टेकवून, दंड छातीच्या पातळीला. चोळीच्या बाहीवरून पट्टा बांधणाऱ्या नर्सला थांबवलं, बाही वर करायला लावली. बसून मोजलं, मग उभं करून मोजलं. दुसऱ्या हातावर मोजलं. एवढं सगळं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि आमच्या वहीतले निम्मे आकडे आईला रानातनं हाक मारून आणून, धाप लागलेली असताना घेतलेले होते. मग त्या म्हणाल्या, "आज्जी, गोळ्यांची पाकिटं बघू."

आईनं कमरेची चंची सोडली. सुपारी, मिसरीची डबी आणि खाली दुमडलेली पाकिटं. बाईंनी ती टेबलावर पसरली आणि मला विचारलं, "या कधी आणून दिल्या होत्या?"

"मेअखेरीस. महिन्याच्या."

ऑगस्ट निम्मा सरला होता. तीसमधल्या नऊ गोळ्या शिल्लक होत्या.

"आज्जी, रोज घेता का?"

"घेते की."

"रोज?"

"डोस्कं जड झालं की घेते. लईच जड झालं तर दोन घेते. उपासादिवशी न्हाई घेत, उपाशीपोटी कशी घ्यायाची?"

"आणि बाकीच्या दिवशी?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "अर्धी करून घेते. पुरवाय नगं व्हय?"

मी म्हणालो, "आयं, पुरवायच्या कशाला? मी आणत नाही का?"

"आणतूस की. पर कवा येशील त्येचा काय नेम? आन् महागाच्या त्या. पोराच्या शिक्षणाचं बगायचं का माज्या गोळ्यांचं?"

इथं एक गोष्ट मला लिहायलाच हवी, नाहीतर हा लेख खोटा होईल. आमच्या गावच्या आशाताई आरोग्य उपकेंद्रातून प्रेशरच्या गोळ्या आईला दर महिन्याला घरी आणून द्यायच्या. फुकट. त्या बंद मी केल्या होत्या. "त्या सरकारी गोळ्या नको घेऊ, मी पुण्याहून चांगल्या आणतो," असं मी गावातल्या चार माणसांसमोर म्हणालो होतो. मास्तरची आई सरकारी गोळ्या खाते, हे मला बरं वाटलं नव्हतं. फुकटची गोळी आई रोज घेत होती. लेकाच्या पैशाची तिनं अर्धी करून घेतली.

बाईंनी समजावून सांगितलं. मी आणलेल्या गोळ्यांमधली एक अशी होती की तिचा असर लवकर उतरतो, आणि मधेच सोडली तर प्रेशर पूर्वीपेक्षा जास्त उसळतं. मग डोकं जड होतं. मग आई दोन घेणार. मग ते दाणकन खाली. बैठकीतून उठली की डोळ्यापुढं अंधारी. वर्षभराहून जास्त काळ मी ज्याला रोगाचं गूढ समजत होतो, ते चंचीत दुमडून ठेवलेलं होतं.

मला पहिल्यांदा राग आला, तो आईचा. हे मी लपवत नाही. एवढ्या तपासण्या, एवढा खर्च, आणि एक गोळी धड घेता येऊ नये? तो राग दवाखान्याच्या आवारातल्या टपरीवर चहा घेईपर्यंत टिकला. चहाच्या दुसऱ्या घोटाला मला कळलं की मला उत्तर हवं होतं, पण ज्यात मी नसेन असं. नजर, मीठ, वय, वाटणीतली भांडणं, शिरा, मेंदू, कशातही चाललं असतं. दादा, वहिनी, देवऋषी यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की ते एका वाक्यात मोकळे व्हायचे आणि मी त्यासाठी एमआरआय काढला होता.

मग माझी गाडी एकदम दुसऱ्या टोकाला गेली. सगळं माझ्यामुळंच. परत आत जाऊन मी डॉक्टर बाईंसमोर तसं काहीतरी बोललोही. डोळे भरून आले होते. त्या म्हणाल्या, "गुन्हेगार कोण ते नंतर ठरवा. आधी आज्जींच्या छातीला चोवीस तास यंत्र लावायचंय, ते ठोके लिहून घेतं. दोघांपैकी कोण थांबणार इथं?"

मी थांबलो. आई छातीवर वायरी चिकटवून, गळ्यात डबी अडकवून वॉर्डभर हिंडली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "माज्या लेकानं मंगळसूत्र केलंय नवं." दुसऱ्या दिवशी कागद आला. पहाटे दोन-अडीच तास आईच्या हृदयाच्या ठोक्यांचा ताल सुटला होता आणि मग आपोआप जागेवर आला होता. असा ताल सुटला की हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची बारीक गुठळी होते, ती सुटून मेंदूकडं जाते. साध्या ईसीजीत तो क्षण सापडला नाही तर दिसत नाही. पुण्यात कुणाच्या नजरेतून सुटलं असं नाही, तेव्हा तो ताल सुटलेलाच नव्हता.

म्हणजे गोळ्यांचा घोळ हेही पुरतं उत्तर नव्हतं. आणि मी कबूल करतो, ते ऐकून मला हलकं वाटायच्या ऐवजी आत कुठंतरी रिकामं वाटलं. एका रात्रीत मी त्या अपराधाशी सलगी केली होती. सगळं माझ्यामुळं, हे म्हणण्यात दुःख असलं तरी एक प्रकारचा मोठेपणाही असतो. आईच्या काळजाचा ठोका मला न विचारता चुकत होता, एवढा मी या गोष्टीत लहान होतो. पण गोळ्या अर्ध्या व्हायला कारण मी होतो, तेही खरंच. चढं प्रेशर वर्षानुवर्षं राहिलं तर त्यानंही हृदयाचा ताल बिघडतो, असं बाई म्हणाल्या. आता यातलं माझं किती आणि नशिबाचं किती, हा हिशोब कुठल्या तराजूत करायचा? मी बरेच दिवस तो करून बघितला. वाटणीला बसलेल्या भावांसारखं होतं ते, बांध दर वेळी थोडा इकडं नाहीतर थोडा तिकडं सरकतो.

उत्तर मिळालं म्हणजे सुटलो असंही झालं नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायला हवी होती. तिनं गुठळीचा धोका कमी होतो, पण रक्तस्रावाचा वाढतो, आणि प्रेशर चढं असेल तर मेंदूतच रक्तस्राव व्हायची भीती. आई विळा-खुरप्यात वावरणारी, घरात एकटी. बाई हे सगळं मला सांगत होत्या. मी मान हलवत होतो. आई आमच्या दोघांच्या मध्ये बसून एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती, शेळीचा सौदा चाललाय आणि शेळी मध्ये उभी आहे तशी.

"मला इचारा की," आई म्हणाली.

बाईंनी खुर्ची फिरवली. आईकडं तोंड केलं आणि तेच सगळं पुन्हा, तिच्या शब्दांत सांगितलं. आई ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मालकांवानी हातरुणावर पडून ऱ्हायाचं न्हाई न्हवं, ही गोळी घेटली तर?"

"तसं लिहून नाही देता येणार आज्जी. पण शक्यता बरीच कमी होते."

"आन् रगत गेलं तर मरंन, व्हय?"

"तसंही होऊ शकतं. थोड्या जणांना होतं."

"मग द्या," आई म्हणाली. "मराय काय न्हाई. तीन वर्सं कुणी मला या कुशीवरनं त्या कुशीवर करायाचं म्हंजी..." पुढं ती बोलली नाही.

तिनं झटके का लपवले, ते मला तिथं कळलं. लेकरांच्या जिवाला घोर नको, हे त्यातलं वरवरचं. आण्णांची तीन वर्षं तिनं स्वतःच्या हातांनी काढली होती. वारं जाणं म्हणजे काय, हे माझ्या फाईलपेक्षा तिला जास्त माहीत होतं. मी वर्षभर तिच्यापासून 'स्ट्रोक' हा शब्द लपवत होतो, बायकोला सांगून ठेवलं होतं की आईसमोर बोलू नको. आणि ती चुलीपुढं एकटी बसून, मेलेला हात मांडीवर घेऊन, तो परत येतो का याची वाट बघत होती. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. आजारी माणसाला खरं सांगावं का, यावर शिकलेल्या लोकांत मोठे वाद होतात. आमच्या घरात तो प्रश्न चुकीचाच निघाला. तिला सांगायचं असं काही माझ्याकडं नव्हतंच. मीच कधी बसून ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मिसरीवरून बरीच हुज्जत झाली. तंबाखूनं प्रेशर चढतं, शिरा आवळतात, असं बाईंनी सांगितलं. "मिसरी काय दारू हाय व्हय?" आई म्हणाली. शेवटी दिवसातून एकदा यावर तडजोड झाली. ती ते पाळते असं ती सांगते.

गोळीची किंमत तिनं विचारली. मी म्हणालो, तुला काय करायचंय. ती म्हणाली, "म्या काय लपवायचं न्हाई म्हनतूस, मग तू तरी कशाला?" मी किंमत सांगितली. एका जातीच्या गोळीला वरचेवर रक्त तपासावं लागतं, म्हणजे विट्याच्या खेपा. दुसरी महाग, पण तपासणीची कटकट नाही. तिनं बराच विचार करून महागातली घेतली आणि प्रेशरच्या गोळ्या पुन्हा आशाताईंकडच्या सुरू करायला लावल्या. "पाच उरल्या की फोन करीन," म्हणाली. आधी प्रेशर ताब्यात आणायचं, मग ही गोळी, असं बाईंनी ठरवून दिलं. झटक्याबद्दल त्यांनी एकच गोष्ट दोनदा बजावली. हात गेला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली, की तो परत येतोय का बघत बसायचं नाही, लगेच निघायचं. मोठा झटका असला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. मला आण्णांची ती रात्र आठवली. आईलाही आठवली असणार, ती खाली फरशीकडं बघत होती.

निघताना बाईंनी माझा दंड पुढं करायला लावला. "आईला आहे, वडिलांचं असं झालं, तुमचं कधी बघितलंय?" १५८ भरलं. वर कितीतरी. मी म्हणालो, रात्रभर जागरण झालंय. त्या म्हणाल्या, असेल, पुण्यात दोन-चार वेळा मोजा. मी पुण्याला आलो, शाळा सुरू झाली, घटक चाचण्या लागल्या. घरी मी ते सांगितलं नाही. बायकोच्या जिवाला कशाला उगीच घोर, असंच माझ्या मनात आलं, अगदी याच शब्दांत. फेब्रुवारीत ती कपाट आवरत असताना मिरजेचा कागद तिच्या हाती लागला तेव्हा जे व्हायचं ते झालं. आता माझीही गोळी सुरू आहे.

आईचं प्रेशर पहिल्या दोन महिन्यांत बरंच थाऱ्यावर आलं. पुरतं नाही. अजूनही एखाद्या दिवशी उगीचच चढतं. मी विचारलं तर ती म्हणते, म्हशीनं पान्हा चोरला, नाहीतर शेळी चुकली होती. दादाशी माझं बोलणं सुरू झालंय. चंचीऐवजी पाकीट आता देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवलेलं असतं. पोरगी आठवीत गेलीय, तिनं पाकिटावर पेननं वार लिहून दिलेत. उपासाच्या वारांवर तिनं देवाचं चित्र काढलंय आणि खाली लिहिलंय, 'गोळी चालते'.

२०१९ च्या मार्गशीर्षातली एक सकाळ. शाळेत प्रार्थना चालू होती. फोन वाजला. आईला स्वतः फोन लावता येत नाही, चुलतभावाचा असेल म्हणून मी रांगेतून बाजूला झालो. तिकडून आईच बोलत होती. शब्द थोडे जड होते, पण समजत होते.

"आरं, मगाशी हात गेला हुता. आलाय म्हागारी. पर जीप सांगितलीया, निगालोय आमी मिरजंला. सांगितलं न्हाई म्हनू नगंस."

मी म्हणालो, "आयं, मी येतोच."

"ये," ती म्हणाली. आजवर ती कधी 'ये' म्हणाली नव्हती, 'कशाला येतूस' म्हणायची. मागून चुलतभावाचा आवाज आला, दार नीट ओढ म्हणत होता. मी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि तसाच स्वारगेटला गेलो.